मार कागदावर आलाच पाहिजे

तुम्हाला मारलं कुणी, कुठं, कशानं, हे तुमच्या दाव्यात लिहिलंय का?

आमच्या दाव्यात नव्हतं. आमच्या शेताला जायची एकच वाट, थोरल्या चुलत्याच्या बांधावरून. वडील गेले आणि त्यानं तिथं काटेरी तार ओढली. आई तार उचलून आत शिरली, तर त्यानं फावड्याच्या दांड्यानं तिचा हात मोडला. पडल्यावर तोंडावर लाथा घातल्या. मी मधे गेले, तर केसाला धरून मला तारेवर ढकललं. ढेकळांत आईचा दात पडला होता.

तालुक्याला, भूमच्या कोर्टात, आमच्या वकिलांनी विचारलं, "कशानं मारलं?"

आईनं पदर पुढं ओढला. "थोरले दीर हायेत. त्यांनी हात उचलला, हे कागदावर कसं घालायचं? त्रास हाय, एवढंच लिवा."

मग टायपिस्टनं नेहमीचं ठोकलं : प्रतिवादी दांडगट व आडमुठा इसम असून वादीस विनाकारण त्रास देतो. मी मोर्चातल्या पत्रकांवर वाढलेली. पत्रकात असलं वाक्य गर्जतं. कोर्टात ते मुकं निघालं.

चुलत्याच्या वकिलानं अर्ज दिला : दाव्याला कारणच नाही, फेटाळून लावा. न्यायाधीशांनी विचारलं, वाट कुठून जाते? अडवली कधी, कशी? आमचा कागद गप्प. दावा गेला असता तर वाट गेली असती, आणि वाटेमागं शेत. वकिलांनी दुरुस्तीला मुदत मागितली.

व्हरांड्यात चुलता हसत उभा होता. "काय गं, म्या काय केलं ते तुझ्या वकिलालाच ठावं न्हाय व्हय?" आणि जाता जाता आईच्या गळ्यात बांधलेल्या हातावर कोपर हाणलं.

आई कळवळून भिंतीला टेकली. पदर घसरला, तो तिनं सावरला नाही.

"वकीलसाहेब, लिवा." तिनं चुलत्याचं नाव घेतलं. तिच्या तोंडून ते मी पहिल्यांदाच ऐकलं. "पेरणीच्या तोंडाला, बांधावरच्या लिंबापाशी, तार ह्यानं ओढली. दांडा ह्यानं घातला. पडल्यावर लाथाबी ह्याच्याच."

"थोरल्याला अरेतुरे करतीस?" चुलता मागं वळला.

"लई उशिरा करतीय."

दुरुस्ती मंजूर झाली, दावा जगला. तार अजून आहे. पण आता प्रत्येक घावाला त्याला उत्तर द्यावं लागतंय.

म्हणून सांगते, तुमचा दावा सही करण्याआधी वकिलासमोर मोठ्यानं वाचा. त्यात नुसता 'त्रास' असेल, तर पेन खाली ठेवा आणि मारणाऱ्याचा हात त्यात लिहायला लावा.