काचपेटीतले नऊ मासे

उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि मी घरी बसलो. चाकणच्या एका कंपनीत मी तपासणीचं काम करतो. सुट्या भागावर केसाएवढा ओरखडा दिसला तरी तो बाजूला काढायचा, यातच वीस वर्षं गेली. डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू होताच, आणि ऑपरेशननंतर उजव्यापुढचं धुकंही हटेना. डॉक्टर म्हणाले, हळूहळू निवळेल. घरी मी "बरंय" एवढंच सांगायचो आणि पेपर हातात धरून नुसता बसून राहायचो.

चिखलीत आमच्या समोरच्या घरात एक गॅरेजवाले राहतात. ते मावळात पाहुण्यांकडे गेले होते. तिथल्या ओढ्यातून कॅनमध्ये नऊ मासे घेऊन आले.

"काका, तुमची काचपेटी रिकामीच आहे ना? घ्या, तेवढाच विरंगुळा."

लेकीचं लग्न झाल्यापासून पेटी तशीच पडून होती. तळाशी वाळू पसरून आम्ही मासे सोडले. मला ते सगळे सारखेच दिसले. नुसती चंदेरी हालचाल.

चार दिवसांनी बायकोने मोजले, तर सातच. मेलेला एकही कुठे दिसेना.

"यात मरळीचं पिल्लू आलं असणार," गॅरेजवाले म्हणाले. "मरळ बाकीच्यांना गिळते. लांबट असेल बघा."

सातांत लांबट एकच होता, अंगावर काळा पट्टा असलेला. मी त्याला जाळीने उचलून बादलीत टाकलं.

"अहो, नीट बघितलंत का? उगाच बिचाऱ्याला शिक्षा," बायको म्हणाली.

मी तिच्यावर खेकसलो. नीट दिसत नव्हतं, हेच तर मला बोलता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन थेट पेटीवर आलं होतं. मी खुर्ची ओढून डावा डोळा हाताने झाकला आणि बघत राहिलो. एक मासा काचेजवळ येऊन थांबला. त्याच्या कल्ल्यामागे एक काळा ठिपका होता, शेपटीजवळ दुसरा, जरा मोठा. मधले खवलेसुद्धा सुटे सुटे दिसले. मी दुसरा मासा पाहिला, तिसरा पाहिला. सहाही तसेच, दोन ठिपक्यांचे. मी जागचा हललो नाही. मग तळाशी वाळूत मोहरीएवढे दोन काळे कण दिसले. ते हलले.

"अगं, इकडे ये लवकर! वाळूत डोळे आहेत."

"कुठे? मला तर काहीच दिसत नाही."

जाळीच्या दांड्याने मी वाळू हळूच ढवळली. मिशा असलेला, बोटाच्या पेराएवढा तपकिरी मासा उसळून वर आला. त्याच्यामागून दुसरा. मी खाली बसलो आणि महिनाभर धड दिसत नव्हतं, नोकरी जाईल अशी भीती वाटत होती, ते सगळं तिला सांगून टाकलं.

"माहीत होतं मला," ती डोळे पुसत म्हणाली. "परवा पेपर उलटा धरला होता तुम्ही."

मंडईत नदीचे मासे विकणाऱ्या आजींना मी मोबाइलवर फोटो दाखवले.

"व्हय, मुरी हाय ती. वाळूतच ऱ्हाती," त्या म्हणाल्या. पट्टेवाल्याचा फोटो बघून हसल्या. "ह्यो मरळ कशाचा? दंडवण हाय. गरीब जात. किडं खातोय, मासं न्हाई."

घरी येऊन मी चप्पलही न काढता बादलीपाशी गेलो. दंडवण ओंजळीत घेऊन पेटीत सोडली. क्षणभर ती काचेशी थबकली आणि मग त्या सहांच्या मागे निघून गेली.