बारा ट्रे, दोन पिकअप आणि काका

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या डझनमावशीला तुम्ही वय विचारलंत तर ती बेधडक सांगते, "चार डझन आणि दोन." लग्नाला दोन डझन वर्षं झाली. लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी असते, ती सव्वा डझन दिवसांनी एकदा फोन करते. डॉक्टरांनी दहा दिवस गोळ्या घ्या म्हटलं तर मावशी बारा दिवस घेते, कारण दहा हा आकडा तिला अर्धवट सोडून दिल्यासारखा वाटतो.

मावशीचा धंदा अंड्यांचा. सकाळी पोल्ट्रीतून ट्रे उचलायचे आणि दुपारच्या आत दुकानं, खानावळी आणि एक मोठी बेकरी, एवढ्यांकडे पोचते करायचे. दोन अंडी एका मुठीत धरून ती एकमेकांवर हलकेच टेकवते. खणखणीत वाजलं तर अंडं चांगलं, बद्द वाजलं तर डोळ्यांना न दिसणारा तडा आहे. हा कान इतका पक्का की गल्लीतले लोक तिच्याकडे कपबश्यासुद्धा वाजवून घ्यायला आणतात.

काका म्हणजे तिचे यजमान. शाळेच्या प्रयोगशाळेत साहित्य सांभाळायचे, गेल्या वर्षी निवृत्त झाले. माणूस सव्वाशे किलोचा, पण स्वभावाने पिसासारखा. जन्मभर काचेच्या नळ्या जपल्यामुळे अंडी उचलण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. आता ते मावशीच्या धंद्यात पूर्ण वेळ उतरले आहेत. मावशीच्या शब्दांत सांगायचं तर पूर्ण वेळ बसले आहेत.

तर या मावशीचा तीनचाकी टेम्पो एके सकाळी बेकरीच्या दारातच कायमचा बसला. नुसता बसला नाही, बसताना असा काही आचका दिला की चार डझन अंडी जागच्या जागी फुटली. बेकरीवाला पिठाच्या हातांनी बाहेर आला, आधी टेम्पोकडे आणि मग पायरीवर वाहणाऱ्या बलकाकडे बघून म्हणाला, "मावशी, तुमच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हे तिसऱ्यांदा होतंय. पहिल्या तारखेपासून धड गाडी आणा. त्यानंतर एका खेपेला डझनाच्या वर फुटकी निघाली, तर मी दुसरा माणूस बघणार."

बेकरी म्हणजे मावशीचा निम्मा धंदा. पहिली तारीख दोन आठवड्यांवर. त्यामुळे डिझेल पिकअप घ्यायची हे त्याच संध्याकाळी ठरलं. नवी की जुनी, यावर मात्र घरात दोन पक्ष पडले.

"जुनी," मावशी म्हणाली. "जुन्या गाडीला जे काय व्हायचं ते होऊन गेलेलं असतं."

"नवी," काका म्हणाले.

"का?"

"नवी आहे म्हणून."

"हे काय कारण झालं?"

यावर काका जे बोलले ते ऐकून मावशीचा लाटण्यावरचा हात थांबला. "अगं, शाळेत मी थोरल्याची पुस्तकं वापरली. त्यात उत्तरं आधीच लिहिलेली असायची, तीही चुकीची. शर्ट मधल्याचे. सायकल आत्तेभावाची, स्कूटर साडूची. आपली खाटसुद्धा तुझ्या मामांनी टाकून दिलेली. एकदा, फक्त एकदा, अशी वस्तू हवी की जिच्यावरचा पहिला ओरखडा मी स्वतः पाडीन!"

"ओरखडा पाडायला गाडी घ्यायची?"

"चुकून पाडीन गं. पण माझा असेल!"

मावशीने पोळी तव्यावर टाकली. पण दुसऱ्या दिवशी तिने जाहीर केलं की भांडण नको, अंड्यांनाच विचारू. दोन्ही गाड्यांत एकेक डझन ट्रे ठेवायचे आणि रेल्वेच्या गोदामामागच्या रस्त्यावरून हाकायची. त्या रस्त्यावर खड्डे आहेत असं म्हणणं बरोबर नाही, खड्ड्यांमध्ये अधूनमधून रस्ता आहे. ज्या गाडीत कमी फुटतील ती आपली.

ही कल्पना काकांना पटली, कारण तिच्यात प्रयोग होता. लगेच बोट वर करून ते शाळेच्या सुरात म्हणाले, "पण नियम एक. प्रयोगात बदलायची ती एकच गोष्ट. बाकी सगळं तेच. तोच रस्ता, तोच वेग, तेच ट्रे, आणि चालवणारी तूच."

"मीच चालवणार. तुम्हाला येते कुठे?"

आधी नवी. शोरूममधला टाय घातलेला माणूस मोठ्या उत्साहाने पुढे आला. सीटवर अजून प्लास्टिक होतं. काकांनी आत बसून एक दीर्घ श्वास घेतला आणि डोळे मिटले. नव्या गाडीचा वास त्यांना थेट टाळूपर्यंत गेला असावा. "अहो, उतरा, ट्रे चढवायचेत," मावशी म्हणाली. ट्रे हा शब्द ऐकून टायवाल्याच्या चेहऱ्यावरचं हसू जरासं सैल झालं. गोदामामागचा रस्ता हे ऐकून ते पुरतंच उतरलं. "मॅडम, तुम्ही जाऊन या, मी इथेच थांबतो," म्हणत त्याने काकांच्या स्कूटरची किल्ली तारण म्हणून मागून घेतली.

काका पुढे, मावशीशेजारी, प्लास्टिकवर चुरचुरत बसले. गाडी गोदामामागे गेली, परत आली. मागचं दार उघडलं तर वरच्या ट्रेमधून एक पिवळी धार संथपणे खाली येत होती. मोजदाद झाली. दोन डझनाला दोन कमी.

"अपघात आहे हा," काका क्षीण आवाजात म्हणाले.

"बावीस अपघात?" मावशी म्हणाली.

मग जुनी. ही एका लाँड्रीवाल्याची. आत बसलं की साबण आणि गरम इस्त्रीचा वास यायचा. मावशीने सोबत आपला फिटर नेला होता. हा फिटर गाडी बघायला गेला की आधी मालकाला नमस्कार न करता बॉनेटवर हात ठेवतो. बॉनेट गरम लागलं तर मालकाने इंजिन आधीच चालू करून ठेवलंय, म्हणजे गार असताना ते सुरू व्हायला कुरकुरतं, हे ओळखायचं. बॉनेट गार होतं. मग त्याने इंजिन चालू करवलं, लांब पान्याचं एक टोक इंजिनला आणि दुसरं कानाला लावलं आणि एखादं गुपित ऐकावं तसे डोळे बारीक केले. शेवटी म्हणाला, "म्हातारी आहे, पण खोकत नाही."

लाँड्रीवाला मात्र गाडीवर जीव लावलेला माणूस. "मी बरोबर येणार, पुढेच बसणार," असं म्हणून तो डावीकडच्या सीटवर चढून बसलाही. पुढे जागा दोघांपुरती. काका बिचारे मागे चढले आणि अंड्यांच्या शेजारी मांडी घालून बसले. तोच रस्ता, तोच वेग. परत आल्यावर मावशीने ट्रे न् ट्रे तपासला.

"दोन," ती म्हणाली आणि तिचा चेहरा असा उजळला की लाँड्रीवाल्याने तिथल्या तिथे किंमत वाढवायचा विचार केला असेल.

काका मागून उतरले. "प्रयोग तो प्रयोग," एवढंच म्हणाले. घरी येऊन त्यांनी शोरूमचं रंगीत माहितीपत्रक घडी घालून कपाटात ठेवलं. नेहमी तीन पोळ्या खाणारा माणूस त्या दिवशी दोनवर थांबला, तेव्हा मावशीने पान वाढता वाढता त्यांच्याकडे दोनदा बघितलं.

लाँड्रीवाल्याने सौदा करण्याआधी गाडी एक दिवस वापरायला दिली. मावशीने नेहमीच्या दुकानांचा माल भरला. काका आता हक्काने पुढे बसले, पण तोंड खिडकीकडे. पहिल्या दुकानात पाच फुटकी निघाली. दुसऱ्यात सात. तिसऱ्या दुकानाच्या दारात सात आणखी. मावशी हातात ओला ट्रे घेऊन भर फुटपाथवर उभी राहिली. गाडी तीच, हात तेच, आणि आजचा रस्ता तर त्या दिवशीपेक्षा बरा.

मग तिने हळूहळू मान वळवून काकांकडे बघितलं.

"अहो, त्या दिवशी तुम्ही कुठे बसला होतात?"

"मागे. त्या इस्त्रीवाल्याने माझी जागा घेतली ना."

"आणि नव्या गाडीत?"

"पुढे. प्लास्टिकवर." एवढं बोलून काकांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. त्यांनी आधी आपल्या पोटाकडे बघितलं, मग गाडीच्या मागच्या चाकांकडे. छत्तीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या माणसाने गाडीखेरीज आणखी एक गोष्ट बदलली होती, आणि ती गोष्ट ते स्वतः होते!

फिटरला फोन लावला. तो पलीकडून इतका हसला की मावशीला फोन कानापासून लांब धरावा लागला. "मावशी, पिकअप असते पोती वाहायला. रिकाम्या गाडीचे स्प्रिंगचे पाटे ताठ असतात, खड्डा आला की उडवतात. वजन पडलं की पाटे दबतात आणि गाडी झुलते. तुमची अंडी जागा भरतात, वजन कुठे भरतात? मागे काका बसले की वजन भरलं!"

तासाभरात दोघं शोरूमच्या दारात. मावशीने टायवाल्याला सांगितलं, "परत एक फेरी मारायची आहे." टायवाल्याने निमूटपणे स्कूटरच्या किल्लीसाठी हात पुढे केला. ट्रे चढले. मग काका मागे चढू लागले तसा तो धावत आला.

"मॅडम, सर मागे का बसतायत? पुढे सीट आहे ना!"

"सर वजन आहेत," मावशी म्हणाली आणि गाडी सुरू केली.

गोदामामागच्या रस्त्यावर त्या दिवशी जे लोक होते त्यांना एक कोरी करकरीत पिकअप दिसली, आणि तिच्या मागच्या बाजूला दोन्ही हात पसरून, एखाद्या राजासारखे डुलत चाललेले काका. परतल्यावर मावशीने तपासलं. फुटकं एक. तेही ती म्हणाली की पोल्ट्रीतूनच तसं आलं असावं.

शोरूमच्या पायरीवर दोघं बसली. दोन्ही गाड्या सारख्या ठरल्यावर स्वस्त कोणती ते सांगायला प्रयोग लागत नाही, हे काकांना कळत होतं. रुमालाने बोटांवरचा बलक पुसत ते म्हणाले, "मग त्या लाँड्रीवाल्याला कळवू या ना? वाट बघत असेल."

"थांबा जरा. अंड्यांच्या बाजूने दोन्ही सारख्याच," मावशी बोटं मोजत म्हणाली. "फिटरच्या बाजूने जुनीही चांगली. हप्ता जड जाईल, पण बेकरी टिकली तर झेपेल, आणि बेकरी टिकवणारं वजन घरचंच आहे. मग उरलं कोण?"

"कोण?"

"तुम्ही उरलात. चला, कुठे सही करायची ते विचारा."

काका उठले आणि परत बसले. परत उठले. मग टायवाल्याला त्यांनी अशी मिठी मारली की त्याचा टाय पाठीवर गेला. त्यानंतर गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, चारही चाकांना हात लावून बघितलं आणि आरशात स्वतःला बघून उगाच भुवया उडवल्या. मावशी फॉर्म भरत होती, पण हसू आवरत नसल्याने तिची सही तीनदा बिघडली.

एक अडचण काकांच्या लक्षात घरी येईपर्यंत आली नाही. "अगं, म्हणजे नवी गाडी माझी, आणि मी आयुष्यभर मागे?"

यावर तोडगा मावशीनेच काढला. भंगारवाल्याच्या मोठ्या काट्यावर काकांना उभं केलं, वजन घेतलं आणि तेवढीच वाळू पोत्यांत भरली. चार पोती झाली. प्रत्येकावर तिने खडूने लिहिलं, 'पाव काका'. गल्लीतली झाडून सगळी माणसं पोती बघून गेली. काका प्रत्येकाला कोणतं पोतं म्हणजे नेमका कुठला भाग ते समजावून सांगत होते.

पहिली तारीख उजाडली. चार पाव काका मागे, एक अख्खे काका पुढे प्लास्टिकवर, आणि चार डझन ट्रे. बेकरीच्या दारात गाडी थांबली तसा बेकरीवाला स्वतः बाहेर आला. त्याने एकेक ट्रे उतरवून घेतला, उजेडात धरला, तिरका केला. काका दाराला टेकून उभे होते आणि त्यांच्या कपाळावरून घाम वाहत होता. मावशी बेकरीवाल्याच्या हातांकडे बघत ओठांनी आकडे पुटपुटत होती.

"तीन," शेवटी बेकरीवाला म्हणाला. "मावशी, चार डझन ट्रेमध्ये फक्त तीन? उद्यापासून आणखी डझनभर ट्रे वाढवा."

मावशीने मान डोलावली, शांतपणे पावती घेतली, शांतपणे गाडीत चढली. कोपऱ्यावर वळून बेकरी दिसेनाशी होईपर्यंत ती शांत होती. मग तिने गाडी गोदामाकडे वळवली.

"अगं, इकडे कुठे? घर तिकडे!"

"मागे काय आहे?"

"चार पाव काका."

"त्यातलं काही फुटतं का?"

काकांनी विचार केला. "नाही," ते म्हणाले आणि घाईघाईने वरची कडी पकडली.

एवढ्या वर्षांत मावशीने खड्डा दिसला की ॲक्सिलरेटरवर पायाचा अंगठासुद्धा श्वास रोखून दाबला होता. त्या दिवशी तिने पाय सरळ खाली सोडला. गाडी पहिल्या खड्ड्यात गेली आणि उसळून वर आली, काकांचं डोकं छताला, मावशीचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर. "सावकाश!" काका ओरडले. "कशाला?" मावशी ओरडली. दुसरा खड्डा, तिसरा, आणि मग कोण ओरडतंय आणि कोण हसतंय ते दोघांनाही कळेना.

रस्ता संपला तेव्हा मावशीने गाडी थांबवली, पदराने डोळे पुसले आणि धापा टाकत काकांकडे बघितलं. काकांचा भांग विस्कटला होता, शर्टाचं एक बटण तुटलं होतं आणि चेहरा शाळा सुटलेल्या पोरासारखा झाला होता.

"परत?" काका म्हणाले.

मावशीने गाडी वळवली.