रेघेबाहेरचा गडी
सुकत घातलेल्या बोंबलांचा वास आला की एडवणच्या किनाऱ्यावरचा तो खेळ आठवतो. कॉलेजच्या कबड्डी संघातले आम्ही दरवर्षी तिथं जमतो. त्या वर्षी आमच्यातले दोघं वारले होते. त्यांच्या नावानं नारळ फोडून आम्ही ओल्या वाळूत रेघा मारल्या. पोटं सुटलेली, दम पुरत नव्हता, तरी चढाईत मी एकाला शिवून परतलो. गुण मिळाला की आपला बाद झालेला गडी पुन्हा आत येतो. आमचा कोळी कप्तान सवयीनं रेघेबाहेर वळून ओरडला, "चल, ये आत, तुजा नंबर हाय!" तिथं कोणीच नव्हतं; आमचा कोणी बाद झालाच नव्हता. कप्तानाचा हात तसाच पुढे राहिला. आता तोही नाही. यंदा गुण मिळाल्यावर मीच रेघेबाहेर वळलो आणि त्याला हाक मारली.