ओला माल

पहिली पाळी सुटली की आम्ही कॉलनीच्या गेटाबाहेर कडुनिंबाखाली थांबायचो. तिथे एक पानठेला होता. ठेल्याला लागून दोन दगडांवर फळी टाकलेली होती आणि फळीवर बसलं की घुग्घुसचा रस्ता समोर दिसायचा. दिसायचा म्हणजे धूळच दिसायची. कोळशाचे ट्रक, सिमेंटचे ट्रक आणि त्यांच्या मधून वाट काढत दुसऱ्या पाळीला निघालेल्या मोटरसायकली. कितीही तोंड धुतलं तरी रुमालाला काळं लागायचंच. घरी गेलं की नळाची वेळ, रॉकेलची रांग, पोरांचं गणित, आईचं औषध हे सगळं उभंच असायचं. त्याआधी थोडं टेकावं, एवढीच इच्छा असे.

टेकल्यावर बोलायचं सिनेमावर. युनियनवर बोललं की भांडण होई, जातीवर बोललं की अबोला होई. सिनेमावर बोलल्यानं कोणाचं काही जात नाही, असा आमचा समज होता.

मी खाणीच्या वजनकाट्यावर बाबू होतो. रिकामा ट्रक काट्यावर आला की त्याचं वजन घ्यायचं, भरून आला की पुन्हा घ्यायचं. भरतीतून रिकामं वजा केलं की उरतो तो माल. बारा-पंधरा वर्षं हेच केल्यामुळे सिनेमाही मी तसाच पाहत असे. त्यातून गाणी वजा करायची, मारामारी वजा करायची, विनोदी नटाचं तोंड वेंगाडणं वजा करायचं. उरेल ते सांगायचं. आमच्यातला पंपखलाशी, म्हणजे खाणीतलं पाणी उपसणाऱ्या पंपावरचा गडी, प्रत्येक सिनेमा पाहायचा, आवडला तर चंद्रपूरला जाऊन पुन्हा पाहायचा. तो मुद्दाम विचारायचा,

"काटाबाबू, काल पाह्यला ना तुमी? माल किती निघाला?"

"अर्ध्या तासाचा."

"अरे बाप्पा! मंग बाकीचे अडीच तास मी का ट्रकच पाहून राह्यलो व्हतो?"

रडक्या सिनेमांना आम्ही ओला माल म्हणत असू. पावसाळ्यात कोळसा भिजतो, काट्यावर वजन भरपूर येतं, पण ते वजन पाण्याचं असतं. शेगडीत टाकला की नुसता धूर. हा शब्द माझ्या काट्यावरचा, पण खलाशानं तो कॉलनीभर केला. बायकासुद्धा टॉकीजमधून येताना एकमेकींना विचारू लागल्या, "कसा हाये वं? ओला हाये का सुका?"

फळीवरचा तिसरा माणूस हाजरीबाबू. तो आता हाजरीबाबू नव्हता, पण नाव तेच राहिलं होतं. धुळीनं त्याची छाती गेली. डॉक्टरांनी त्याला कामाला अनफिट ठरवलं आणि त्याच्या जागेवर घरातल्या एकाला नोकरी देऊ केली. मुलगे दोघंही तेव्हा शाळेत होते. म्हणून थोरली मुलगी नोकरीला लागली. मॅट्रिक झालेली, अक्षर चांगलं, आकडेमोड पक्की. तिला माझ्याच काट्यावर दिलं. ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची आणि मला काकाजी म्हणायची. ड्रायव्हर लोक सुरुवातीला खिडकीत वाकून वाकून पाहायचे. तिनं एकाला सांगितलं, "भाऊ, वजन ट्रकचं कराचं हाये, तुमचं नाई." तेव्हापासून खिडकी मोकळी झाली.

त्या वर्षी तिला आरमोरीहून स्थळ आलं होतं. मुलगा तिकडच्या एका गावात शाळामास्तर, घरी धानाची शेती, आपल्याच बौद्ध समाजातलं घर. तिच्या मामानं जुळवून आणलं होतं. मुलगी त्यांनी पाहिली होती, तिनंही मुलगा पाहिला होता. दोन्हीकडून पसंती होती. राहिला होता तो फक्त हाजरीबाबूचा होकार. "कळवतो," असं सांगून त्यानं दोन महिने काढले होते. मामाचा निरोप आला की हा खोकत म्हणायचा, "आता जरा तब्येत बरी नाई, मंग पाहू." तब्येत तर कधीच बरी होणार नव्हती, हे आम्हालाही ठाऊक होतं. ती आरमोरीला गेली की नोकरी सुटणार, आणि घर त्या नोकरीवर चाललं होतं. आरमोरीचे लोक किती थांबतील, हा एकच प्रश्न होता. तिचं वय पंचविशीच्या पुढे गेलेलं. काट्यावर ती याबद्दल चकार शब्द काढत नसे.

अशातच एका रविवारी दुपारी कॉलनीच्या क्लबात व्हिडिओ लावला. चंद्रपूरहून एक जण व्हीसीआर चादरीत गुंडाळून, लहान पोर आणावं तसा मोटरसायकलवर घेऊन आला. खिडक्यांना पोती लावली, सतरंज्या टाकल्या, बाया एका बाजूला, माणसं एका बाजूला. सिनेमातल्या बापाला लकवा मारलेला. थोरली बहीण शिलाई मशीन चालवून भावांना शिकवते. तिच्यासाठी एक जण वर्षानुवर्षं थांबतो, तिला भेटायला येतो, ती त्याला परत पाठवते. भाऊ साहेब होतात, त्यांची लग्नं होतात आणि धाकट्याच्या वरातीतच ती छातीला हात लावून पडते. शेवटी तिच्या फोटोला हार. अख्ख्या हॉलमध्ये नाकं ओढण्याचा आवाज येत होता. उन्हाळा नव्हता, तरी पोत्यांमुळे आत घाम फुटला होता आणि माझं डोकं दुखत होतं.

सोमवारी फळीवर त्याचीच गोष्ट. खलाशी म्हणाला, "काहीबी म्हणा भाऊ, पोरगी पाह्यजे तं असी. आजकाल कुठी भेटते?"

"मले तं माह्यीच पोरगी दिसून राह्यली व्हती," हाजरीबाबू म्हणाला. त्याचे डोळे पुन्हा भरून आले. "असे पिक्चर काढाले पाह्यजे. घराघरात दाखवाले पाह्यजे."

"शेवट फार लांबवला," मी म्हणालो. "पडल्यावर एवढं बोलतं का कोणी?"

"तुमी तं काटाच लावता, बाबू," हाजरीबाबू म्हणाला. "तुमाले रडू तरी येते का नाई?"

तेवढ्यात त्याची मुलगी खाणीकडून आली. माझ्यानंतरच्या गाड्यांचा हिशेब बंद करून निघायला तिला थोडा उशीर व्हायचा. हाजरीबाबूनं तिला हाक मारली. पोरीचं कौतुक चारचौघांत करावं, एवढाच त्याचा हेतू होता.

"ये माय, ये. सांग बरं आमच्या काटाबाबूले, कसा व्हता कालचा पिक्चर?"

ती थांबली. डब्याची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"ओला माल व्हता, बाबा."

खलाशी फळीवर हात आपटून हसला. "अवं, पूर्ण हॉल रडला ना!"

"म्हणून तं ओला म्हणून राह्यली, काकाजी." ती हसत नव्हती, पण रागातही नव्हती. दिवसभराच्या कामानंतर माणूस जसं बोलतो तशी बोलत होती. "मी ध्यान देऊन पाह्यला. पूर्ण पिक्चरमंधी तिले एकानं तरी इचारलं काय, बाई, तुले काय पाह्यजे? मायनं नाई इचारलं, भावानं नाई, बापानं नाई. मेल्यावर हार घातला."

"त्याग हाये तो, माय," हाजरीबाबू म्हणाला.

"त्याग असन तं तिनं म्हणाले पाह्यजे, का मी त्याग करून राह्यली. तिले तं डायलॉगच नाई. बाकीचेच बोलून राह्यले." मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "काकाजी, उद्या काट्याचा मिस्त्री येनार हाये. चावी तुमच्याजवळच ठेवा." आणि ती गेली.

खलाशानं पानाची पिंक टाकायला मान वळवली ती बराच वेळ वळवलेलीच ठेवली. मी घरी जाऊन बायकोला हे सांगितलं. ती कणीक मळत होती. "खरं बोलली पोरगी," ती म्हणाली. "पण मले रडू आलं ते बी खरं."

पुढे आठवडाभर हाजरीबाबू फळीवर आला नाही. खलाशानं एक-दोन नवे सिनेमे पाहिले, मला सांगितले, पण दोघांत गप्पा रंगेनात. काट्यावर गाड्या येत होत्या, जात होत्या. रविवारी हाजरीबाबूच्या धाकट्यानं निरोप आणला, बाबानं बोलावलं आहे.

तो खाटेवर बसून होता. घरात दुसरं कोणी नव्हतं, मायलेकी विहारात गेल्या होत्या. त्यानं मला बसायला सांगितलं आणि बराच वेळ दमच घेतला.

"काटाबाबू, पोरगी दिवसभर तुमच्याजवळ बसते. काही बोलली काय कधी?"

"मला नाही बोलली. तुमच्यासमोर बोलली, ते पुरे नाही का?"

"ते तं पिक्चरचं बोलली."

"हो, पिक्चरचंच बोलली," मी म्हणालो.

त्यानं गमछ्यानं तोंड पुसलं. "मले पायरी चढनं होत नाई, बाबू. पोट्टे अजून कच्चे हायेत. ती गेली तं मी काय करू, सांगा?" हे तो पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला. मलाही दोन मुली होत्या. मग तो स्वतःच म्हणाला, "मी बी नाई इचारलं तिले. मले वाटे, इचारलं तं ती हो म्हनन."

"मग आता विचारा."

"आता तिले काय इचारू? आरमोरीवाल्याईलेच बोलावतो."

आरमोरीचे लोक पुढच्या पंधरवड्यात आले. मुलगा, त्याचा बाप आणि त्यांच्याबरोबर मुलीचा मामा. मुलाच्या बापानं नव्या तांदळाची पिशवी आणली होती. मला आणि खलाशाला हाजरीबाबूनं आपल्या बाजूनं बसवलं. हवापाणी झालं, धानाचं झालं. मग मुलाचा बाप म्हणाला, "नोकरीची अडचन समजली आमाले. सुनेनं नोकरी केली तं आमचं काही म्हणनं नाई. इथी राहो, पोट्टा येनंजानं करन. मंग बदलीचं पाहू. फक्त लग्नानंतर पगार तं..."

मुलगी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं तो खाली ठेवला आणि मुलाच्या बापाला म्हणाली,

"काकाजी, ते जागा बाबाची हाये. बाबाची छाती गेली म्हणून भेटली. मी फक्त तिच्यावर बसून राह्यली. भाऊ कामाले लागेपर्यंत पगार याच घरात येईन. त्याच्यानंतर तुमच्या घरात. हे मान्य असन तं मले लग्न कराले हो हाये. मले कराचंच हाये."

मामानं डोळे मिटले. खलाशी माझ्या कानाशी पुटपुटला, "डायलॉग तं लई मोठा झाला." मुलाच्या बापानं मुलाकडे पाहिलं. मुलगा आतापर्यंत एक शब्द बोलला नव्हता. त्यानं ट्रेमधला एक कप उचलून आधी हाजरीबाबूला दिला, मग दुसरा स्वतः घेतला.

"बाबा, चहा थंडा होऊन राह्यला," तो आपल्या बापाला म्हणाला. म्हातारा हसला. "सरळ हाये पोट्टी," म्हणाला आणि बशीत चहा ओतला.

लग्न विहारात लागलं, उन्हाळ्याच्या सुट्टीत. हाजरीबाबूला पंख्याखाली खुर्ची दिली होती, तरी त्याला धाप लागत होती. सुट्टी संपल्यावर ती काट्यावर हजर झाली. बदलीचे अर्ज झाले, पण ती काही लवकर मिळाली नाही. दर शनिवारी शाळा सुटली की तो आरमोरीहून निघायचा, गाड्या बदलत अंधार पडताना घुग्घुसला पोचायचा आणि रविवारी संध्याकाळी परत जायचा. पुढे मूल झालं. ते तिची माय सांभाळायची. ती स्वतः सकाळी पाण्याला उठायची, स्वयंपाक करून काट्यावर यायची. डोळ्यांखाली काळं दिसू लागलं. ते धुळीचं नव्हतं.

रविवारी दुपारी हाजरीबाबू नातवाला मांडीवर घ्यायचा आणि दोघांना जबरदस्तीनं टॉकीजला पाठवायचा. एका सोमवारी खलाशी काट्याच्या खिडकीशी आला आणि तिला म्हणाला, "काल गेले व्हते ना तुमी? कसा हाये पिक्चर? जाऊ का नको?"

"मले काय माहीत, काकाजी," ती म्हणाली. "इंटरवलनंतर झोपली व्हती मी."

"अन् जावयानं उठवलं नाई?"

"नाई उठवलं. घरी येता येता बाकीचा सांगितला मले." भरलेला ट्रक काट्यावर चढला होता. तिनं पेन उचललं आणि काट्याच्या आकड्याकडे पाहिलं.