टाकीतले चतुर

आमच्या मागीलदारी सिमेंटची टाकी हाय. पऱ्याचं, म्हणजे वरच्या ओढ्याचं पाणी पायपानं तीत पडतं. तीत कायम किडे असायचे. चपटे, चिखलाच्या रंगाचे, बोटाच्या पेराएवढे. सासू म्हणायची, "राहू दे, ते पाण्याचेच हायत." का, ते तिनं सांगितलं नाय. मी विचारलं नाय.

मुलाच्या लग्नानंतर पहिल्या गणपतीला सून यायची होती. चौथा महिना होता तिला. मुंबईची पोर, पाण्यात किडे बघून काय म्हणेल, या लाजेनं मी श्रावणात टाकी उपसली. किडे चाळणीनं काढून राखेत टाकले. भिंती घासल्या, पांढरी पावडर मारली. शेजारीण म्हणाली, "काय गो, सुनेला टाकीतच न्हाऊ घालणार हायस?" मीही हसले.

गणपतीत मच्छर एवढे झाले, की आरतीला उभं राहवेना. मुलगा पाच दिवसांनी कामावर गेला, सून माझ्याकडं राहिली. तिला ताप भरला. रत्नागिरीला दवाखान्यात नेली, डेंगू म्हणाले. ती वाचली, पोटातलं गेलं.

तिची आई धावत आली. खाटेजवळच म्हणाली, "नको जाऊ म्हणून सांगितलं होतं. गाडीचे एवढे धक्के खात आलीस!" सून भिंतीकडं तोंड करून पडली. मलाही तेव्हा तेच खरं वाटलं होतं.

पुढल्या वर्षी कॉलेजातली एक पोरगी सड्यावर, गावावरच्या कातळ माळावर, चतुर बघायला आली. मला जेवढं ठाऊक तेवढं मी सांगितलं. लाल चतुर भाताच्या बांधावर बसतो. पिवळे भादव्यात थव्यानं सड्यावर येतात. चतुरासारख्याच, पण काळ्या पंखांच्या बारीक टाचण्या पऱ्याच्या सावलीत असतात, बसल्या की पंख मिटतात. चतुराला मिटता येत नाय.

"आजी, तुम्हाला तर सगळं माहीत आहे," ती म्हणाली. "माणूस नव्हता, पाखरंही नव्हती, तेव्हापासून आहेत हे. यांचे पूर्वज तर हाताएवढे होते." मग टाकीत वाकली. चार-दोन किडे परत आले होते. "अरे वा, ही चतुराची पिल्लं! मच्छरांच्या अळ्या खातात. यांना काढू नका हां."

मी पायरीवर बसले. पोरगीनं दोनदा पाणी मागितलं, तेव्हा उठले.

मी किडे काढले त्यामुळंच ताप आला, असं कोण सांगणार? मच्छर कुठलाही चावू शकतो. पण धक्क्यांनी पोर गेलं, हे तरी कुणी बघितलं होतं? ते मात्र सुनेच्या माथी बसलं. दोन गणपती ती आली नाय.

यंदा आली. पुन्हा दिवस गेलेत, तिसरा महिना. टाकीवर भांडी घासताना एकदम थांबली.

"आई, यात किडे आहेत."

"हायत. त्या वर्षी मी काढले होते," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. राखेचंही.

ती बराच वेळ तवाच घासत राहिली. मला वाटलं, आता बॅग भरेल. तिनं हात धुतले, पदराला पुसले, मोबाईल काढून नंबर लावला, माझ्यापुढं धरला.

"हे माझ्या आईला सांगा. मी सांगून तिला पटायचं नाही."

पलीकडं घंटी वाजायला लागली.