पाणी पिणारा खड्डा

मल्लम्मा एका जागी बसलेली कुणी पाहिली नव्हती. भाकरीसुद्धा ती उभ्यानंच खायची. घास तोंडात आणि नजर डुकरांवर. जातीनं वडार, माहेर गुलबर्ग्याकडचं, त्यामुळे तिच्या मराठीत अधूनमधून कानडीचे खडे लागायचे. नवरा धुळाप्पा विहिरी खणायचा. उमरग्यापासून तीन-चार कोसांवरच्या एका गावात त्यानं दादामियाँ नालबंदांची विहीर खणली, गोडं पाणी लागलं, नाव झालं, आणि नवरा-बायको तिथंच विहिरीच्या वरच्या माळावर झोपडी घालून राहिली. विहिरीचं काम काही बारमाही नसतं. बाकीचे महिने चूल पेटायची ती मल्लम्माच्या डुकरांवर. धुळाप्पाला हे ठाऊक होतं, पण त्यानं ते कधी तोंडानं कबूल केलं नाही. नवऱ्यांना अशा गोष्टी नेमक्या आठवत नाहीत.

सत्तेचाळीस सालच्या उन्हाळ्यात हणमंतप्पा पाटील स्वतः माळावर आले. नाकाला उपरणं लावून लांबच उभे राहिले.

"मल्लम्मा, तुझ्या डुकरांची घाण सगळी वढ्यात उतरती. बायका धुणं घेऊन जाईनात. घाण आवर, न्हाय तर पावसाच्या आत झोपडं हलीव."

मल्लम्मानं त्याच दिवशी डुकरं कोंडली. धुळाप्पानं त्यांच्यासाठी दगडी भिंतीचा कोंडवाडा रचला, खाली फरशा बसवल्या, फरशांना उतार दिला आणि उताराच्या टोकाला घाण साठवायला खड्डा घेतला. कमरेइतका खड्डा पुष्कळ झाला असता. पण वडाराचा हात कमरेला थांबतो होय? काळी माती संपली, तिच्याखालचा मांजऱ्याचा थर लागला, तरी पहार चालूच. पिवळा मुरूम लागला तेव्हा गडी दमून वर आला. कोपरे असे काटकोनात की ओळंबा लावून बघावेत. घाणीचा खड्डा बघायला माणसं आल्याचं दुसऱ्या कुठल्या गावात घडलं नसेल, इथं घडलं. ओढा निवळला, बायका धुण्याला परतल्या, वाळलेलं खत पाटलांनी आपल्या शेतात टाकून घेतलं आणि चारचौघांत म्हणाले, "काम शिकावं तर वडाराकडनं!"

पाऊस सुरू झाला. गावातले उकिरडे तुडुंब भरून वाटेवर आले. एकट्या मल्लम्माचा खड्डा भरेना. रात्री पाऊस झोडपून काढायचा, ती सकाळी काठी घालून बघायची, तर तळाशी नुसता चिखल.

"बघ," धुळाप्पा मिशीवर हात फिरवत म्हणाला, "माझा खड्डा पाणी पितो."

"पितो तर मुततो कुठं?" मल्लम्मा म्हणाली.

तो हसला. तिला हसू आलं नाही. तो प्रश्न तिच्या डोक्यात असा बसला की काही केल्या उठेना. ती माळावरून खाली जायची, परत वर यायची, खड्ड्यात बघायची, पुन्हा खाली बघायची. खाली दादामियाँची विहीर होती. तिचा झरा पिवळ्या मुरमातूनच फुटला होता. त्या वेळी चिखलाच्या पाट्या मल्लम्मानंच डोक्यावरून वाहिल्या होत्या. तो मुरूम तिच्या ओळखीचा होता.

दादामियाँची बायको जमिलाबी तिला रोज पाणी द्यायची. मल्लम्मानं घागर खाली ठेवून बाजूला व्हायचं, जमिलाबीनं वरून ओतायचं. शिवायचं नाही, पण बोलायला बंदी नव्हती. घागर भरेपर्यंत दोघी गावभरच्या गोष्टी करायच्या. त्या आठवड्यात जमिलाबी म्हणाली, "पाण्याला जरा वास मारतोय गे. आन् गुलबानोची हगवण थांबंना." गुलबानो म्हणजे तिची दीड वर्षाची नात. मल्लम्माची नजर वर माळाकडे गेली. घागर भरून घेतली, पण वाटेत सगळी माळावर ओतून टाकली.

तिनं धुळाप्पाला सांगितलं. तो भडकला. "माझ्या हातचं काम गळत न्हाय!" मग तिनं त्याचा नाद सोडला. खड्ड्यातला चिखल पाट्यांनी उपसला, लांब पाटलांच्या वावरात नेऊन पसरला. तळ्याकाठची काळी चिकण माती आणली, खड्ड्यात उतरली आणि पायांनी तुडवत राहिली. तळ तुडवला, भिंती हातांनी लिंपल्या, माळावरून येणारं पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून वरच्या अंगाला बांध घातला. धुळाप्पा काठावर बसून विडी ओढत बायकोचं खूळ बघत होता.

त्या रात्री पाऊस आला. सकाळी खड्ड्यात गुडघाभर पाणी उभं होतं. दुसऱ्या दिवशीही तेवढंच. खड्डा आता पीत नव्हता, म्हणजे आजवर प्यालेलं सगळं खाली गेलं होतं. धुळाप्पानं विडी विझवली आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. मल्लम्माची मात्र घालमेल सुरू झाली. पुढची घाण अडली, पण विहिरीत उतरलेल्या घाणीचं काय? सांगावं तर कुणाच्या तोंडानं? कोंबडीची घाण असती, गाढवाची असती, तरी पाय धरून निभावलं असतं. ही डुकराची, आणि तीही नमाजी माणसांच्या विहिरीत. त्यात दिवस वाईट. हैदराबादेकडून रोज नवी बातमी यायची आणि गावागावांत माणसं जुन्या शेजाऱ्याकडे नव्या डोळ्यांनी बघू लागली होती. हे कुणी मुद्दाम केलं असं म्हणायला कितीसा वेळ लागतो?

ती ओढ्याकाठी वाळूत उकरलेल्या झिऱ्याचं पाणी आणू लागली. चौथ्या दिवशी जमिलाबीनं तिला वाटेत गाठलं.

"कुणी शिकवलं तुला, आमचं पाणी घेऊ नको म्हणून?"

"न्हाय बीबी, तसं न्हाय..."

"मग कसं? इतकी वर्सं म्या वतलं, तवा गोड लागलं. आता आमचं पाणी बाटलं व्हय?"

जमिलाबीचे डोळे भरून आले होते. ते बघून मल्लम्माचा धीर सुटला. "पाणी म्याच बाटवलं," ती म्हणाली, आणि तिथंच वाटेवर रडत खड्डा, मुरूम, झरा, सगळं सांगून मोकळी झाली.

जमिलाबी दगडावर बसली. म्हणाली, "या अल्ला! नमाजाआधीची वजूबी ह्याच पाण्यानं गे." मग पदरानं तोंड पुसून तिनं विचारलं, "कुणाला बोललीस?"

"घरचं माणूस सोडून कुणाला न्हाय."

"बोलू नको. गल्लीत तरणी पोरं हायत, डोकी तापलेली हायत. काय सांगायचं ते म्या सांगते."

त्या दिवसापासून गुलबानोला झिऱ्याचं उकळलेलं पाणी सुरू झालं आणि पोरीची हगवण हळूहळू थांबली. आणि जन्मात खोटं न बोललेल्या जमिलाबीनं नवऱ्याला सांगितलं, विहिरीत मांजर पडून कुजलंय. दादामियाँनी विहीर उपसायला काढली. दोन मोटा लावल्या, सगळी गल्ली गोळा झाली. पाणी तळाला गेलं तसा धुळाप्पा कमरेला दोर बांधून आत उतरला. वर दोर धरला होता दादामियाँच्या पुतण्यानं, गफारनं. मल्लम्मा लांब लिंबाखाली येरझाऱ्या घालत होती.

"चाचा," गफार एकाएकी म्हणाला, "मांजर पाण्याला भितंय. आपल्या पायानं येऊन पडलं व्हय? टाकलंय कुणीतरी."

"पाटलाच्या गल्लीतली पोरं परवा इकडंच फिरत हुती," मागून कुणीतरी बोललं.

दोघं-तिघं घराकडे पळाले आणि काठ्या घेऊन परतले. मल्लम्माचे पाय थबकले. गप्प बसावं तर संध्याकाळपर्यंत दोन गल्ल्यांत डोकी फुटणार होती, तीही न पडलेल्या मांजरापायी. बोलावं तर धुळाप्पा खाली तळाशी होता आणि त्याचा दोर गफारच्या हातात होता. तिला नवरा हवा होता. त्याची मिशी, त्याचा ताठा, त्याच्या विडीचा वास, सगळं हवं होतं. ती धावत गर्दीत शिरली.

"मांजर न्हाय पडलं! कुणीबी काय टाकलं न्हाय! माझ्या डुकरांची घाण मुरमातनं झिरपली. आमाला कळलं न्हाय. मारायचं तर मला मारा, त्येला वर घ्या!"

मोटेचे बैलसुद्धा थांबले होते. गफारनं दोराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. जमिलाबी पुढं झाली आणि मल्लम्माच्या शेजारी उभी राहिली. "मांजराचं खोटं माझं," ती म्हणाली. "हिनं मला आधीच खरं सांगितलं हुतं."

दादामियाँनी बायकोकडे पाहिलं. मग कठड्यापाशी जाऊन आत वाकले.

"धुळाप्पा! वर येऊ नको!"

मल्लम्मा दोराकडे झेपावली, तर जमिलाबीनं तिला दंडाला धरून ओढलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं मल्लम्माला हात लावला.

"समदा गाळ खरवडल्याबिगर वर येऊ नको," दादामियाँ खाली ओरडत होते. "आन् घाबरू नको. दोर आता माझ्याकडं हाय."

त्यांनी गफारच्या हातातून दोर घेतला आणि स्वतःच्या कमरेला गुंडाळला.