पाण्याच्या वरचा रस्ता

ग्रामसेविका म्हणून माझी नेमणूक मुळशीला झाली, तेव्हा देश स्वतंत्र होऊन दहा-बारा वर्षं झाली होती आणि मी पुण्याच्या पेठेतून पहिल्यांदाच एकटी बाहेर पडले होते. मुक्काम पौडला. तिथून धरणाच्या कडेकडेची गावं पायी फिरायची. बालवाडी, टोचणी, परसबाग, बायकांची मंडळं, जे वरून येईल ते सांगत हिंडायचं. पहिल्या पावसाळ्यातच माझ्या चपलांचे आणि उत्साहाचे बंद तुटले. चपला मी नव्या घेतल्या.

त्यातलं एक गाव धरणाच्या पाण्याच्या वर, डोंगराच्या उतारावर बसलं होतं. मूळचं गाव खाली पाण्यात गेलेलं. साहेबाच्या राज्यात धरण झालं, भाताची खाचरं बुडाली, आणि माणसं जमेल तिथे वर सरकली. घरांवरून विजेच्या तारा मुंबईकडे जायच्या. घरात रॉकेलच्या चिमण्या.

या गावाला रस्ता नव्हता. श्रमदानातून तो करायचा असं ठरलं आणि बायकांना गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. गडीमाणसं दोन दिवस आली. बाई एकही आली नाही. कुणालाही विचारलं तरी उत्तर एकच, मावशीला विचारा.

मावशी म्हणजे पन्नाशी ओलांडलेली, उंच, हाडकुळी बाई. मी गेले तेव्हा ती अंगणात वरई पाखडत होती. धरणाचं काम अडवायला जे लोक बसले होते त्यांत ती होती, एवढं मी ऐकलं होतं. मला वाटलं, आपल्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे. मी म्हटलं, माझे वडीलही बेचाळीस साली येरवड्याला होते. आमच्या घरी ही गोष्ट सणासारखी सांगितली जायची.

तिनं सूप खाली ठेवलं.

"मी बी येरवड्यालाच व्हते," ती म्हणाली. "पर बाई, तुज्या बापाचं सायेब गेलं. आमचं पाणी कुटं गेलं?"

तिनं मला पाणी दिलं, गूळ दिला, आणि रस्त्याविषयी एक शब्द काढला नाही. मी परत पौडला आले ती दिवसभराच्या चालण्यापेक्षा जास्त दमून.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर पोचले तर मावशी आधीच घमेलं घेऊन उभी होती, आणि तिच्यामागे गावातल्या सगळ्या बाया. कारण तिनं सांगितलं नाही, ते मला दुसऱ्या एकीकडून कळलं. मागल्या वर्षी मावशीच्या सुनेला बाळंतपणासाठी डोलीतून पौडला नेत होते. वाटेतच मूल गेलं. आता सुनेला पुन्हा दिवस गेले होते.

उन्हाळाभर आम्ही मुरूम वाहिला. मीही वाहिला, पण त्यांच्या अर्ध्यानं. रस्ता झाला, ओढ्यावर दगडाची मोरी झाली, आणि उद्‌घाटनाला मोठे पाहुणे आले. ते येईपर्यंत ऊन डोक्यावर आलं. मांडवात मावशीला पुढे बसवलं होतं. पाहुण्यांनी धरणाचं कौतुक केलं, देशाला वीज हवी म्हणाले, आणि या गावानं केलेल्या त्यागापुढे आपण नतमस्तक आहोत असं म्हणून मावशीच्या खांद्यावर शाल टाकली. तिनं ती घेतली. टाळ्या झाल्या.

परत जाताना मी तिच्याबरोबर चालत होते. तिनं शाल घडी करून काखेत मारली होती. मोरीपाशी आल्यावर म्हणाली, "त्याग केला म्हंतोय. आमी कुटं केला? आमचं घेतलं." आवाजात राग नव्हता. इतक्या वर्षांनी तो उरलाही नसावा.

श्रावण सरायच्या आत मोरी वाहून गेली. उताराची माती धरणात गेली. मुळशीचा पाऊस मला माहीत नव्हता असं नाही, तरी मी ओढ्याच्या काठावर छत्री धरून उभी राहिले आणि मला रडू आलं. वर कळवलं. वरून उत्तर आलं की रस्ता झाल्याची नोंद आहे, तेव्हा नव्यानं मंजुरी मिळणार नाही.

भातं निघाल्यावर मी घाबरतच गावात गेले. या बायांना पुन्हा या असं कोणत्या तोंडानं सांगायचं? ओढ्यापाशी फावड्याचा आवाज येत होता. मावशी आणि चार-पाच जणी दगड रचत होत्या. मला पाहून कुणी थांबलं नाही. मी पदर खोचला आणि घमेलं उचललं. जीप कशीबशी उतरेल एवढीच वाट त्या खेपेला झाली.

थंडीच्या सुरुवातीलाच सुनेच्या कळा सुरू झाल्या. मी त्या दिवशी गावातच होते. एक गडी धावत पौडला गेला, आणि माझ्या चिठ्ठीवर ब्लॉक कचेरीची जीप आली. ड्रायव्हर वाटभर कुरकुरत होता की स्प्रिंगा मोडतील. मोडल्या नाहीत. दवाखान्यात मुलगी झाली. बाळबाळंतीण दोघी सुखरूप.

मी दवाखान्याच्या बाकावर टेकले होते. मावशी शेजारी येऊन बसली. तिच्या हाताच्या भेगांत अजून माती होती.

"बाई, ह्यो रस्ता पावसात ऱ्हाईल का?"

मी खरं ते सांगितलं, नाही राहणार.

"मंग फुडल्या साली परत," ती म्हणाली आणि भिंतीला डोकं टेकून तिनं डोळे मिटले.

दोन वर्षांनी माझी बदली झाली. तोवर आम्ही तो रस्ता आणखी दोनदा केला. मी निघाले तेव्हा मावशी उतारावर नाचणी लावत होती. वाकूनच तिनं हात वर केला, आणि पुढचं रोप लावायला घेतलं.